डाव्या बाजूचं भगदाड

गुंजी, ता. ४ एप्रिल १९४५

अण्णा,

पत्राच्या माथ्यावर थोरल्या भावाला शिरसाष्टांग नमस्कार लिहावा, असं बाबांनी शिकवलं होतं. आज मी तो लिहीत नाही. गाडी परत कर, मग लिहीन.

तीन आठवड्यांमागं तू सकाळच्या रेल्वेनं आलास. दीड वर्षानं आलास. अंगात खाकी, पायात बूट, काखेत पलटणीच्या भरतीची वही. आपला रवळू लढाईतून भाजून घरी आला त्याला चार महिने होत आले होते, तोवर तुला निपाणीहून इथं यायला सवड झाली नाही. तरी मी चहा टाकला. तू पडवीत आलास आणि बाबांच्या सुतारकामाच्या बाकड्यावरची फूटभर लांबीची लाकडी गाडी बघून थांबलास. हात पाठीमागं बांधून तिच्याभोवती फिरलास.

"बाळे, ही कुणी केली?"

"आम्ही दोघांनी."

"अगं, हुबेहूब पलटणीची चिलखती ब्रेन कॅरिअर हाय ही! पट्टे फिरत्यात?"

"फिरतात."

तू बोटानं पट्टे फिरवून बघितलेस आणि लहान पोरासारखा हसलास. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी पाण्याला विहिरीवर गेले. परत आले तर तू नव्हतास, गाडी नव्हती, गाडीवर झाकायचं माझं जुनं लुगडंही नव्हतं. रवळू खांबाला टेकून बसलेला.

म्हणाला, "अण्णा साहेबाला दाखवतो म्हणाला. आठ दिवसांत आणून देतो म्हणाला."

"आणि तू व्हय म्हणालास?"

"मी काय बी बोललो न्हाय."

अण्णा, जो बोलत नाही त्यानं होकार दिला, असं तू कुठल्या शाळेत शिकलास?

काल गुंडू कासार आला होता. बांगड्यांबरोबर माझे लाकडी बैल आणि बाहुल्या तोच निपाणीच्या बाजारात नेतो, हे तुला ठाऊक आहे. त्यानं सांगितलं की साहेबाच्या बंगल्यात नाही, भर बाजारात, तुझ्या भरतीच्या तंबूपुढं टेबलावर गाडी मांडलीय. शेजारी ग्रामोफोन वाजतो. तू पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून ओरडतोस की, बघा रे, गुंजीच्या बहाद्दरानं केलेली गाडी, या आणि खरी चालवा. गुंडू म्हणाला, "बाळाक्का, गाडी पोपटासारखी हिरवीगार हाय." मी म्हटलं, मग ती आमची नव्हे. तो म्हणाला, "पाटीवर रवळूचं नाव हाय."

आमची गाडी हिरवी नव्हती. ती हिरवी कशी झाली, ते मला कळव.

रवळूला पलटणीत तू नेलंस. सोळा वर्षं आणि सात महिन्यांचं पोर अठराचं म्हणून नोंदवून नेलंस. सुतारखान्यात काम आहे म्हणून नेलंस आणि हातात बंदूक दिलीस. ते सगळं मी गिळलं. त्याचा चेहरा गेला, हातांची बोटं एकमेकांना चिकटली, तेही गिळलं. आता त्यानं चार महिन्यांत एक वस्तू उभी केली तर तीही तुलाच लागते?

येत्या बाजाराच्या आत गाडी गुंडूच्या हाती दे. लुगडं ठेवून घे.

बाळाबाई


गुंजी, ता. १९ एप्रिल १९४५

अण्णा,

गाडी आली नाही, तुझं पत्र आलं. सोबत शाबासकीचा छापील कागद आला, त्यावर साहेबाची सही आणि रवळूचं नाव. नाव 'रावलू' असं छापलंय.

तू लिहितोस की यात रवळूचा मान आहे. लिहितोस की, "नांदायचं जमलं नाही त्या बाईनं सरकारी कामात नाक खुपसू नये." आणि शेवटी, जणू दाराची कडी बसवावी इतक्या सहज लिहितोस, "डाव्या बाजूचं भगदाड मी खडू-तेलाची लांबी भरून बुजवलं आणि वरून नवा रंग दिला, कारण ते बघून पोरं बिचकतात."

हे वाक्य मी दहा वेळा वाचलं. मला वाटलं होतं, वाटेत आपटून गाडी खराब झाली असेल, म्हणून रंग दिला असशील. तू जाणूनबुजून बुजवलंस. ते भगदाड म्हणजे माझ्या हातून घसरलेली पटाशी वाटली का तुला? मग ऐक, ती गाडी कशी झाली.

रवळू मार्गशीर्षात आला. पहिले दोन दिवस सारं गाव बघायला आलं, मग कुणी येईना. तो भिंतीकडं तोंड करून बसायचा. शेजारची लक्षुमी तिच्या पोरीला म्हणायची, "जेवली न्हाईस तर रवळूला हाक मारीन." हे त्याला ऐकू जायचं. कान शाबूत आहेत त्याचे.

तेवीस दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चोविसाव्या दिवशी मी खेळण्यातल्या गाडीचं चाक घाशीत होते. मागून आवाज आला, "आक्का, माझ्या गाडीचं चाक असं न्हवतं."

मी वळून बघितलं नाही. बघितलं तर गप्प होईल, अशी भीती. विचारलं, "मग कसं होतं?"

त्यानं भुशावर पायाच्या अंगठ्यानं काढून दाखवलं. हातात कोळसा धरता येत नाही त्याला. एका बाजूला तीन चाकं. पुढची दोन जोडीनं, मागचं एकटं. मी तसली तीन केली. मग म्हणाला, पट्ट्याशिवाय ही चालत नाही. मग मी बाभळीचे एवढे-एवढे तुकडे पाडून तारेत ओवले, दोन पट्टे केले. मग म्हणाला, आता अंगाचं बघ.

बाबांची फूटपट्टी काढली. खरी गाडी बारा फूट लांब, म्हणून आपली बारा इंच. फुटाला इंच. आतलं लाकूड शिवणीचं, बाहेरचा पत्रा रॉकेलच्या डब्याचा. तो बसून सांगायचा, मी करायची. "बसायची जागा रुंद झाली, आक्का. एवढं ऐसपैस न्हवतं." मी पुन्हा कापायची. चाकाची मूठ कुठं, बंदुकीची नळी कुठून बाहेर येते, पाठीमागं इंजिनाची पेटी केवढी. दीड महिना तो बोलत होता, अण्णा. त्या दीड महिन्यात तो दोन वेळा जेवायला लागला, न्हाव्यापुढं बसायला तयार झाला.

रंगावरून आमचं भांडण झालं. मी हिरवा केला. म्हणाला, "हा झाडाचा." मी मातकट केला. म्हणाला, "हा भिंतीचा." काजळ, काव आणि पिवडी जवसाच्या तेलात खलून चौथ्यांदा दिला, वाळल्या तंबाखूच्या पानासारखा झाला. मग वर चाकोरीतली धूळ फडक्यातून गाळून बसवली. त्यानं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. "बरोबर झाला," म्हणाला.

मला वाटलं, संपलं. तर तो म्हणाला, "आता सळई तापव आणि डाव्या बाजूला पुढं भगदाड पाड. अंगठा जाईल एवढं. कडा आत वळव."

मी म्हटलं, "एवढी चांगली झालेली गाडी कशाला बिघडवायची रं?"

"आक्का, ती बिघडलेलीच हाय."

मग त्यानं सांगितलं. तो उजवीकडं, गाडी चालवायच्या चाकावर. डावीकडं बंदुकीवर सदलग्याचा भरमा पाटील, जैनाचा पोरगा, घरात न सांगता पळून भरती झालेला. कोपराला कोपर लागेल एवढीच जागा. भरमा दिवस मावळल्यावर खात नसे, पाणीही पीत नसे. सगळी पलटण हसायची, तरी नाही. इटलीत एका चढावर, बुटक्या झाडांच्या बागेशेजारी, डावीकडून गोळा आला. रवळू म्हणाला, "आमाला सांगितलेलं, ह्या पत्र्यातनं गोळी जात न्हाय. बंदुकीची जात न्हाय, खरं हाय. पर ती बंदुकीची न्हवती." गाडी पेटली. भरमाच्या कमरेचा पट्टा कशाला तरी अडकला होता. रवळू पेटत्या गाडीत हात घालून ओढत राहिला, पट्टा तुटेपर्यंत. हात तसे झाले ते त्यामुळं. यापुढचं त्यानं मलाही सांगितलं नाही.

म्हणून मी सळई तापवली.

ते भगदाड तू लांबी भरून बुजवलंस. पोरं बिचकतात म्हणून! अरे, बिचकण्यासारखं आहे म्हणूनच बिचकतात. तू त्यांचं बिचकणंही काढून घेतोस आणि वर माझ्या भावाचं नाव लावतोस. तुला मान हवा तर स्वतःच्या नावाचा मिळव.

परत पाठवत नसशील तर मीच येते.

बाळाबाई


गुंजी, ता. ३ मे १९४५

अण्णा,

पोलिसांना आणतो म्हणून तू बाजारातून तावातावानं निघून गेलास आणि परत आला नाहीस. तुझ्यामागं काय झालं, ते लोक तुला तिखटमीठ लावून सांगतील. त्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

पण त्याआधी तू होतास तोवरचंही लिहिते, कारण तू ते विसरायला बघशील.

मी एकटी येणार होते. स्टेशनावर बघते तर रवळू फडक्यानं तोंड बांधून फलाटावर उभा. "मी बी येतो," म्हणाला. बेळगावपर्यंत रेल्वे, पुढं कोळशाच्या गॅसवरची सर्विस मोटार. संकेश्वरला वारा सुटला, फडकं सरकलं, तशी शेजारची बाई उठून मागं जाऊन बसली. रवळूनं फडकं नीट केलं आणि निपाणी येईस्तोवर बाहेर उसाकडं बघत राहिला.

तंबू लांबून दिसला. गाडी गुंडूनं सांगितली तशीच, पोपटी हिरवी. वर बारकं निशाण. आणि आत तीन बाहुल्या बसवलेल्या, हसऱ्या. अण्णा, त्या माझ्याच बाहुल्या होत्या! गुंडूकडून घेतल्यास, त्यांच्या कपाळाचं कुंकू खरवडलंस आणि डोक्यावर कागदाच्या टोप्या चिकटवल्यास. माझी कला, माझ्या भावाचं हुकलेलं मरण, सगळ्याचा तू तमाशा मांडलास, आणि तमाशात निदान नाच्या तरी स्वतःच्या पायानं नाचतो.

तू भोंग्यातून ओरडत होतास, "ह्या गाडीत बसणाऱ्याला गोळी लागत न्हाय! पोलादी घर हाय घर!"

रवळू टेबलापाशी गेला आणि त्यानं फडकं सोडलं.

तुझा भोंगा खाली आला. तू मला दातओठ खात म्हणालास, "बाळे, ह्याला घिऊन जा." मी हलले नाही. मग तू गर्दीला काय सांगितलंस? "माझा भाऊ हाय. लढाईत डोस्क्यावर परिणाम झालाय." चार माणसांपुढं, त्याच्या तोंडावर. तिथंच तुझं-माझं नातं संपायला हवं होतं. का संपलं नाही, कोण जाणे. मग तू पोलिसांचं नाव घेऊन निघून गेलास.

पुढचं ऐक.

रवळूनं बाहुल्या काढून माझ्या ओटीत टाकल्या. माझ्याकडून विळीचं पातं मागितलं, मी घरून बांधून आणलं होतं. दोन्ही तळव्यांमध्ये पातं धरून तो डाव्या बाजूची लांबी खरवडायला लागला. मी मदतीला हात घातला तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे." बराच वेळ लागला. कुणी हसलं नाही. ग्रामोफोनची चावी उतरली, तबकडी आपोआप थांबली, कुणी पुन्हा चावी दिली नाही.

भगदाड मोकळं झालं तसा गर्दीतून एक म्हातारा पुढं आला. डोक्याला पांढरा रुमाल, हातात छत्री. "तू गुंजीचा रवळू का रं? गाडी चालवणारा?"

"व्हय."

"मी नेमगोंडा पाटील. सदलग्याचा. भरमाचा बाप." मग म्हणाला, "तीन बाजार झालं, ही गाडी बघून जातोय. पाटीवर तुझं नाव वाचलं. तुझ्या अण्णाला इचारलं, बंदूकवाला कुठं बसतोय? तो म्हणाला, लई सुरक्षित जागा हाय, काका."

हे तू त्या बापाला म्हणालास. अण्णा, हे तू म्हणालास.

रवळूनं हाताची मूठ डाव्या जागेवर टेकवली. "इथं. माझ्या शेजारी."

"लगेच गेला?"

मला वाटलं, रवळू हो म्हणेल. कुणीही म्हटलं असतं. तो म्हणाला, "न्हाय. बाहेर काढला तवा जित्ता होता. पाणी मागितलं. पर प्याला न्हाय. मला म्हणाला, दिवस मावळला का रं?"

म्हाताऱ्यानं छत्री घट्ट धरली.

"मावळला होता, काका. लई येळ झाला होता मावळून. पर त्याला डोळ्यांनी दिसत न्हवतं. मी म्हणालो, न्हाय, हाय अजून ऊन. मग प्याला. मी खोटं बोललो. त्याचं व्रत मी मोडलं."

त्यासाठी तो भिंतीकडं तोंड करून बसायचा, अण्णा. चेहऱ्यासाठी नाही, हातांसाठी नाही. आम्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

नेमगोंडा पाटलांनी छत्री टेबलाला टेकवली आणि रवळूचे ते हात आपल्या हातांत घेतले. म्हणाले, "मगा," कानडीत पोराला म्हणतात तसं, "मरणाऱ्याला पाणी पाजलंस. कुठल्या धर्मात ते पाप हाय? असलंच तर मी घेतो ते. बाप हाय मी त्याचा."

रवळू तिथं बाजारात मोठ्यानं रडला. मीही रडले.

ते म्हणाले, "ही गाडी माझ्या घरी दे. भरमाच्या आईला, राजमतीला बघू दे. तारेचा कागद सोडला तर तिला काय बी दाखवलं न्हाय कुणी." रवळूनं गाडी उचलून त्यांच्या हातांत दिली. माझ्याकडं विचारल्यासारखं बघितलं. मी मान डोलावली. तर आता गाडी तुझी नाही आणि माझीही नाही. पोलिसांना सांगायचं तर हेच सांग.

तुझ्या तंबूपुढं चार पोरं रांगेत होती. दोघं निघून गेली. एक जण तिथंच घुटमळत राहिला. चौथा, अजून मिसरूडही न फुटलेला, पंधराचा असेल, जागचा हलला नाही. मी म्हटलं, घरी जा बाबा. तर म्हणाला, "घरी तरी काय हाय, मावशी?" त्याला तू अठराचं करून घेऊ नकोस. तुझ्या हातापाया पडून सांगते.

बाळाबाई


गुंजी, ता. २२ मे १९४५

अण्णा,

तुझं पत्र पोस्टमननं रवळूच्या हाती दिलं. तो बाकड्यावर ठेवून ते वाचत होता, तेव्हा मी भाकरी थापत होते. मला वाटलं, गुंडूची चिठ्ठी असेल.

तू एकच प्रश्न लिहिला होतास. "वयाच्या कागदावर सही कुणाची होती?"

माझी होती. घे, कागदावर देते. बेचाळीसच्या चळवळीत, दिवाळीआधी गुंजीच्या पुढं रेल्वेच्या तारा तुटल्या. दोन दिवसांनी रवळूच्या तळहातावर तारेचे चरे मी बघितले. त्याच्या दोन दोस्तांना पोलिसांनी घरातून उचललं. मला वाटलं, उद्या याला नेतील आणि फासावर देतील. मी तुला निरोप धाडला. तू कागद घेऊन आलास. मी थोरली बहीण या नात्यानं लिहून दिलं की याला अठरा पुरी झाली. आणि बेळगावात पलटणीच्या सुतारखान्यात काम मिळतंय, हे त्याला तू नव्हतं सांगितलंस. मी सांगितलं होतं. तू तिथं नुसता गप्प राहिलास.

अडीच वर्षं मी तुला शिव्या दिल्या. गावात दिल्या, पत्रात दिल्या, देवापुढं दिल्या. निम्म्या माझ्या होत्या, त्याही तुझ्याच पदरात घातल्या.

आणि ज्या दोघांना पोलिसांनी नेलं, ते चौदा महिन्यांनी सुटून आले. एक रेल्वेच्या गँगवर लागलाय, दुसऱ्याचं लग्न झालं. दोघांचेही हात शाबूत आहेत.

पत्र वाचून रवळू निघून गेला. अंगावरच्या कपड्यांनिशी. नऊ दिवस पत्ता नाही. मी स्टेशनावर जाऊन प्रत्येक गाडी बघत होते. दहाव्या दिवशी उतरला. सदलग्याला गेला होता. पडवीत बसून म्हणाला, "भरमाच्या आईनं गाडी मांडीवर घेतली. त्या भगदाडातनं आत बघितलं. मला म्हणाली, एवढीच जागा? त्याला तर पाय पसरून झोपायची सवय होती."

मी पाणी दिलं. तो प्यायला. मग म्हणाला, "आक्का, मला इचारायचं होतंस."

"इचारलं असतं तर न्हाय म्हणाला असतास."

"व्हय. न्हायच म्हणालो असतो."

तो ओरडला असता, भांडी फेकली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यानंच विचारलं, "त्या बिनमिशीच्या पोराचं काय झालं?" गुंडूकडून कळलं होतं, ते मी सांगितलं. तू त्याला नेलंस. अठराचं करून. आणखी एकाला त्याच आठवड्यात. युरोपातली लढाई संपली, लोकांनी साखर वाटली, आणि तू जपान्यांशी लढायला पोरं गोळा करतोयस.

रवळू म्हणाला, "मग लिही."

मी भरतीच्या मोठ्या साहेबांना अर्ज लिहिला. माझ्या धाकट्या भावाचं वय मी खोटं लिहून दिलं, हे पहिलं वाक्य. मारुतीराव या माझ्या थोरल्या भावाला ते ठाऊक होतं, हे दुसरं. त्यानंतर त्या दोन पोरांची नावं आणि गावं. खाली माझी सही. तारांचं त्यात एक अक्षर नाही, तेवढं मी कुणालाही देणार नाही.

रवळूनं वाचलं. विचारलं, "तुला आत घातलं तर?"

"घालू देत."

स्टेशनावरच्या पेटीत आम्ही दोघांनी मिळून तो टाकला. तोंडाला फडकं न बांधता तो गावातून माझ्याबरोबर चालत आला. लक्षुमी दारात उभी होती. तिनं मान खाली घातली.

तुला आधी कळवून तुझी सावरासावर करायला वेळ द्यावा, असा विचार मनात आला होता. दिला नाही.

बाळाबाई


गुंजी, ता. ९ सप्टेंबर १९४५

अण्णा,

तू मला लिहीत नाहीस. वहिनीनं लिहिलं. जयाबाईचं अक्षर अजून तसंच आहे, एकेक अक्षर वेगळं काढलेलं. तिनं लिहिलं की तुझं काम सुटलं, तू दिवसभर घरात बसून असतोस, मला शिव्या घालतोस, आणि मधूनच विचारतोस की गुंजीचं दार उघडं आहे का.

मला जूनमध्ये बेळगावला बोलावलं होतं. साहेब, एक कारकून आणि मी. कारकुनानं विचारलं, "खोटं का लिहिलंत?" मी म्हटलं, भीतीनं. "कशाची भीती?" म्हटलं, ते सांगणार नाही. साहेब बराच वेळ माझ्या हाताकडं बघत होता, रंगाचे डाग होते म्हणून असेल. ताकीद देऊन सोडलं. दोन्ही पोरं घरी आली. बिनमिशीचा तो मला भेटायला आला होता, उपकार मानायला नव्हे, भांडायला. "तुमी माझी नोकरी घालवली, मावशी." मी त्याला जेवायला घातलं. तो जेवला, आणि जाताना पुन्हा भांडला.

रवळू आता सदलग्याला असतो. पाटलांनी उसाच्या मळ्यात पाण्याचं इंजिन बसवलंय, ते तो चालवतो. पहिल्या दिवशी इंजिन सुरू झालं तसा तो रानातून पळत सुटला होता, असं त्यानंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत गेला. महिन्यातून एकदा इथं येतो. माझ्याशी बोलतो, पण पूर्वीसारखं नाही. चहा दिला की, "ठेव तिथं," म्हणतो. मी ठेवते.

मला तुझा राग आहे. तो गेला असं समजू नकोस. त्या बापाला तू 'सुरक्षित जागा' म्हणालास, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण दार बाबांनी केलंय, ते बंद करायचा हक्क मला एकटीला नाही. ये. पडवीत तुझी जागा आहे.

मात्र आधी सदलग्याला जा. पाटलांपुढं उभा राहा, मग रवळूपुढं उभा राहा. तिथं काय बोलायचं, हे मला विचारू नकोस. तुझ्या वतीनं मी एक शब्द बोलणार नाही. माझं मला बोलावं लागलं, तुझं तू बोल.

जयाबाईला नमस्कार.

बाळाबाई